हात पाहणारें यंत्र

आपल्या जुन्या वैद्यकानें रोग्याची परीक्षा तीन प्रकारांनीं करावी असें सांगितलें आहे : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. रोग्याकडे पाहावें, त्याला हात लावून पाहावें आणि त्याला विचारावें. वाग्भटाच्या काळापासून चालत आलेली ही त्रिविध परीक्षा इतकी साधी आहे कीं, तिच्यांत शास्त्र तें काय असें एखाद्यास वाटावें. परंतु वैद्य एका गांवीं आणि रोगी दुसऱ्या गांवीं असा प्रसंग आला म्हणजे या तिहींमधील भेद एकाएकीं उघड होतो. प्रश्न पत्रानेंहि विचारतां येतो. दर्शन चित्रावरून, निदान थोडेंबहुत तरी, घडूं शकतें. स्पर्श मात्र आपली जागा सोडीत नाहीं. गेल्या सव्वाशें वर्षांत विजेच्या तारा, नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि संगणक यांच्या साह्यानें वैद्याला रोग्याच्या खाटेपर्यंत नेऊन पोंचविण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास म्हणजे बव्हंशीं या मधल्या परीक्षेची समजूत कशी घालावी याचा इतिहास आहे. हवेंत नुसता हात हालवून यंत्राला आज्ञा देण्याची जी पद्धति अलीकडे रुग्णालयांत व रोग्यांच्या घरांत शिरली, आणि जिला या विषयांतील तज्ज्ञ ‘नैसर्गिक संवादपद्धति’ असें नांव देतात, ती या इतिहासाचें अगदीं ताजें पान होय.

आरंभ हॉलंडमधील लायडन शहरीं झाला. तेथील प्राध्यापक विलेम आइंटहोव्हेन यांनीं हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर उत्पन्न होणारा सूक्ष्म विद्युत्प्रवाह नोंदणारें एक यंत्र सिद्ध केलें होतें. तें इतकें अवजड होतें कीं, उचलून रोग्याकडे नेण्याची गोष्टच नको. आणि रोगी तर रुग्णालयांत, प्रयोगशाळेपासून सुमारें दीड किलोमीटर अंतरावर. तेव्हां १९०५ सालीं आइंटहोव्हेन यांनीं या दोन इमारती टेलिफोनच्या तारेनें जोडून घेतल्या. रोगी मिठाच्या पाण्यानें भरलेल्या भांड्यांत हात बुडवून बसे, आणि त्याच्या हृदयाची वेडीवांकडी रेघ दीड किलोमीटरवर प्रयोगशाळेंत उमटे. नाडीवर बोटें ठेवून वैद्याला जें कळे, त्याहून कितीतरी अधिक या रेघेनें कळलें. परंतु तें बोटांना नव्हे, डोळ्यांना कळलें. स्पर्शाचें दर्शनांत रूपांतर करून घ्यावयाचें, ही युक्ति येथें प्रथम यशस्वी झाली. पुढील सारी कथा याच युक्तीची आहे. आइंटहोव्हेन यांना १९२४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

त्याच १९२४ सालीं अमेरिकेंत एका निराळ्याच प्रकारच्या माणसानें याच प्रश्नांत हात घातला. ह्यूगो गर्न्सबॅक हा मूळचा लक्झेंबर्गचा. १९०४ सालीं अमेरिकेस गेला, तेथें त्यानें रेडिओचे सुटे भाग विकले आणि रेडिओच्या वेडानें झपाटलेल्या लोकांसाठीं मासिकें काढलीं. शास्त्रीय कल्पनाकथांना वाहिलेलें पहिलें मासिक पुढें १९२६ सालीं त्यानेंच सुरूं केलें. त्याच्या ‘रेडिओ न्यूज’ या मासिकाच्या १९२४ च्या एप्रिल अंकाच्या मुखपृष्ठावर रेडिओच्या पेटीपुढें बसलेला रोगी आणि पेटीच्या पडद्यावर डॉक्टरांचा चेहरा असें चित्र होतें. खालीं ‘रेडिओ डॉक्टर’ असें लिहून पुढें ‘कदाचित्’ असा शब्द जोडला होता. त्या वेळीं पडद्यावर चेहरा दाखविणारें यंत्र अस्तित्वांत नव्हतें. लंडनमध्यें बेअर्ड यांनीं दूरचित्रवाणीचा प्रयोग विद्वानांपुढें केला तो १९२६ च्या जानेवारींत. म्हणजे हा ‘कदाचित्’ प्रामाणिक होता, आणि आजच्या पुष्कळशा जाहिरातींत तोच एक शब्द नेमका गळलेला असतो.

पण गर्न्सबॅकचें समाधान चेहऱ्यावर झालें नाहीं. १९२५ च्या फेब्रुवारींत ‘सायन्स अँड इन्व्हेन्शन’ या आपल्या दुसऱ्या मासिकांत त्यानें ‘टेलिडॅक्टिल’ नांवाच्या यंत्राचें वर्णन केलें. ग्रीक भाषेंत ‘टेली’ म्हणजे दूर आणि ‘डॅक्टिलोस’ म्हणजे बोट. दूरचें बोट, असा त्याचा अर्थ. पन्नास वर्षांनंतरचा डॉक्टर आपल्या खोलींत बसेल, समोरच्या पडद्यावर रोग्याला पाहील, हातांखालच्या मुठी हालवील. आणि तिकडे रोग्याच्या घरीं बारीक यंत्रबाहू त्या हालचालींचें तंतोतंत अनुकरण करतील. येथवर कोणीहि कल्पना करूं शकला असता. गर्न्सबॅकची खरी बुद्धि पुढच्या वाक्यांत आहे. रोग्याच्या अंगाला यंत्रबाहू टेकला म्हणजे त्या अंगाचा मऊपणा, कठीणपणा, प्रतिकार रेडिओवाटे उलट डॉक्टरांच्या हाताला जाणवला पाहिजे, असें त्यानें बजावलें. हात जावयास हवा आणि स्पर्श परत यावयास हवा. या एका अपेक्षेचीं हीं दोन अंगें त्यानें १९२५ सालीं स्पष्ट वेगळीं केलीं. पहिलें अंग त्याच्या मुदतीनंतर पंचवीस-तीस वर्षांनीं का होईना, साध्य झालें. दुसऱ्याचें काय झालें तें पुढें येईलच.

इकडे रशियांत हवेंतील हाताची आज्ञा पाळणारें पहिलें यंत्र तोंवर तयारहि झालें होतें; मात्र त्याचा वैद्यकाशीं कांहीं एक संबंध नव्हता. लेव टेरमेन हा तरुण पदार्थवैज्ञानिक वायूंचे विद्युद्गुण मोजण्याच्या यंत्रावर काम करीत असतां, आपला हात यंत्राजवळ नेला कीं त्यांतून निघणारा सूर बदलतो असें त्याच्या ध्यानांत आलें. तो सतारवादक नसला तरी चेलो वाजविणारा होता, त्यामुळें दुसऱ्या एखाद्यानें दोष म्हणून सोडून दिली असती ती गोष्ट त्यानें गुण म्हणून धरली. १९२० सालीं त्यानें यांतून एक वाद्य निर्माण केलें. उजवा हात उभ्या दांडीजवळ नेला कीं सूर चढतो, डावा हात आडव्या वळ्याजवळ नेला कीं आवाज मंदावतो. वाद्याला बोटहि लावावयाचें नाहीं. १९२२ सालीं हें वाद्य त्यानें लेनिनला दाखविलें. ‘थेरेमिन’ या नांवानें तें आजहि वाजविलें जातें, आणि तें शिकणें फार अवघड समजलें जातें. कारण उघड आहे. सतारीला पडदे असतात, पेटीला पट्ट्या असतात. बोट चुकलें तर तें बोटालाच कळतें. येथें हवेला पडदे नाहींत. हात कोठें थांबावा हें सांगावयाला हातापाशीं कांहींच नाहीं. वादकानें केवळ कानांवर भिस्त ठेवावयाची. हवेंतील हस्तसंकेतांची ही अडचण शंभर वर्षांपूर्वीं टेरमेनच्या पहिल्या शिष्यांना जितकी होती तितकीच आजच्या शल्यविशारदालाहि आहे.

दूरचित्रवाणी आल्यावर दर्शनाचा प्रश्न बराचसा सुटला. अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानांत मनोरुग्णांच्या उपचारासाठीं १९५९ पासून दुतर्फी दूरचित्रवाणी वापरण्यांत येऊं लागली, आणि १९६४ सालीं ओमाहा येथील संस्था ११२ मैलांवरील नॉरफोकच्या रुग्णालयाशीं जोडली गेली. मनाच्या रोगांपासून सुरुवात झाली हें स्वाभाविकच होतें. त्या परीक्षेंत प्रश्न आणि दर्शन यांवर बहुतेक भागतें. शरीराच्या रोगांसाठीं हा प्रयोग बोस्टनमध्यें झाला. तेथें शहर आणि विमानतळ यांच्या मध्यें बंदराखालून जाणारा बोगदा गर्दीच्या वेळीं वाहनांनीं तुंबून जाई. त्यावर उपाय म्हणून केनेथ बर्ड या डॉक्टरांनीं १९६८ सालीं मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल आणि लोगन विमानतळावरील दवाखाना यांच्या मध्यें सूक्ष्मलहरींचा दुवा बांधला. १९७४ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यानें अशा १,००० रुग्णपरीक्षांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या वृत्तांताचा गवगवा झाला तो दूरचित्रवाणीमुळें. पण ज्या गोष्टीकडे कोणी फारसें पाहत नाहीं ती अशी कीं, विमानतळावरच्या दवाखान्यांत रोग्याजवळ एक परिचारिका उभी असे. श्रवणयंत्र छातीवर ठेवणारा हात तिचा होता. डॉक्टरांचा डोळा गेला, कान गेला, वाणी गेली. हात मात्र उसना घ्यावा लागला.

हा उसना हात यंत्राचा असावा अशी खटपट निराळ्याच गरजेंतून चालू होती. अणुभट्टीच्या कामांत घातक किरण सोडणाऱ्या पदार्थांना माणसानें स्पर्श करावयाचा नसतो. म्हणून शिकागोजवळील आर्गोन प्रयोगशाळेंत रेमंड गर्ट्झ यांनीं १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जाड भिंतीपलीकडून चालविण्याचे यांत्रिक हात तयार केले. तिकडून इकडे, अशा पायऱ्या चढत, शस्त्रक्रियेचीं यंत्रें निर्माण झालीं. शेवटीं २००१ सालच्या सप्टेंबरच्या ७ तारखेस झाक मारेस्को या फ्रेंच शल्यविशारदांनीं न्यूयॉर्कमध्यें बसून, अटलांटिक महासागरापलीकडे फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें असलेल्या ६८ वर्षांच्या एका स्त्रीचें पित्ताशय ‘झ्यूस’ नांवाच्या यंत्राकरवीं काढलें. शस्त्रक्रियेला ५४ मिनिटें लागलीं. हात हालल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत सेकंदाचे १५५ सहस्रांश लागत, म्हणजे डोळ्याची पापणी लवण्यासही त्याहून अधिकच वेळ लागतो म्हणा ना. विमानानें एकट्यानें हा महासागर ओलांडणाऱ्या लिंडबर्गचें नांव या शस्त्रक्रियेला देण्यांत आलें, आणि तें शोभलेंहि. परंतु गर्न्सबॅकच्या कसोटीला लावून पाहिलें तर येथें एकच अंग पुरें झालें होतें. हात समुद्रापार गेला. रोग्याच्या शरीराचा प्रतिकार त्या हाताला परत जाणवला नाहीं. धागा किती ताणला गेला आहे हें मारेस्को यांना डोळ्यांनींच ओळखावें लागलें.

आतां हातांतील मुठी देखील टाकून द्याव्या आणि हात मोकळाच ठेवावा, ही कल्पना कोठून आली? ती वैद्यकांतून आली नाहीं. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत रिचर्ड बोल्ट यांनीं १९८० सालीं भिंतीएवढ्या पडद्यापुढें बसून, बोट दाखवून ‘तें तेथें ठेव’ असें म्हटलें कीं पडद्यावरील आकृति हालते, असा प्रयोग करून दाखविला. मनगटाला एक लहानसा शोधक बांधलेला असे. थॉमस झिमरमन यांनीं हवेंत गिटार वाजविल्याचा आविर्भाव करून खरेंच संगीत निघावें या हौसेनें एक हातमोजा तयार केला; बोटें वांकलीं कीं मोज्यावरील नळ्यांतून जाणारा प्रकाश कमी होई आणि संगणकाला तें कळे. या मोज्याची सुधारलेली आवृत्ति १९८७ सालीं बाजारांत आली. वाद्यापासून निघालेली ही विद्या पुन्हा पुन्हा वाद्याकडे आणि खेळाकडे वळते, हा केवळ योगायोग नव्हे. खेळांत हात चुकला तर कोणाचा जीव जात नाहीं.

शस्त्रक्रियागृहांत मात्र तिची गरज एका जुन्या कारणामुळें भासली. लिस्टर यांनीं १८६७ सालीं जखमेंत शिरणाऱ्या जंतूंविरुद्ध आपली पद्धति प्रसिद्ध केल्यापासून शल्यविशारदाचा धुतलेला हात म्हणजे सोंवळ्यांतला हात झाला आहे. तो कशाला लागावा व कशाला लागूं नये याचे नियम आपल्या आजीच्या स्वयंपाकघरांतील नियमांहूनहि कडक आहेत, आणि अधिक सकारण आहेत. परंतु रोग्याच्या पोटांतील गांठ नेमकी कोठें आहे हें दाखविणारीं चित्रें आतां संगणकांत असतात, आणि संगणकाचा माऊस ओंवळा! पडदा दोन हातांवर असून समुद्रापार असल्यासारखा. मग शल्यविशारदानें एक तर दुसऱ्या कोणाला सांगावयाचें, ‘वर घ्या, आणखी वर, अहो एवढें नव्हे, थोडें खालीं’; भिंतीवर तसबीर लावतांना घरोघरीं हा संवाद चालतो आणि त्याचा शेवट कसा होतो हें सर्वांस ठाऊक आहे. नाहीं तर स्वतः जाऊन माऊस हालवावयाचा आणि परत येऊन पुन्हा हात धुवावयाचे. या खोळंब्यावर उपाय म्हणून इस्राएलमधील बेन-गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांनीं, हुआन वाक्स हे त्यांतील प्रमुख, कॅमेऱ्यापुढें हात हालवून चित्रें पुढें-मागें करण्याची ‘जेस्टिक्स’ नांवाची योजना केली. अमेरिकेच्या राजधानींतील एका रुग्णालयांत मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळीं ती वापरून पाहण्यांत आली, आणि २००८ सालीं तिचा वृत्तांत छापला गेला.

तरीहि ही विद्या प्रयोगशाळेंतच राहिली असती. ती बाहेर काढली एका खेळण्यानें. २०१० च्या नोव्हेंबरच्या ४ तारखेस मायक्रोसॉफ्ट कंपनीनें व्हिडिओ गेम खेळण्यासाठीं ‘किनेक्ट’ नांवाची पेटी अमेरिकेंत विक्रीस आणली. किंमत सुमारें १५० डॉलर. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख पेट्या खपल्या. हिच्यांत डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे असंख्य ठिपके समोरच्या खोलीवर पडत. ते ठिपके कोठें किती सरकले आहेत तें कॅमेरा टिपी, आणि त्यावरून कोणती वस्तु किती दूर आहे याचें गणित सेकंदाला ३० वेळां होई. उभ्या माणसाच्या देहांतील २० सांधे ती ओळखी. एका आठवड्याच्या आंत स्पेनमधील एका तरुणानें ही पेटी कोणत्याहि संगणकाला जोडण्याची वाट मोकळी करून दिली, आणि ज्या साधनाला आजवर हजारों डॉलर मोजावे लागत तें विद्यार्थ्याच्या टेबलावर आलें. २०११ सालीं टोरोंटोच्या सनीब्रुक रुग्णालयांत शल्यविशारद या खेळण्यापुढें हात हालवून रोग्यांचीं चित्रें पाहूं लागले. २०१२ सालीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं तशीच व्यवस्था झाली. तेथें असें आढळलें कीं, मेजाभोवतीं खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसांना मोठे हातवारे करावयाला जागाच नसते. शिवाय सहकाऱ्याला कांहीं समजावून सांगतांना सहज केलेला हातवाराहि यंत्र आज्ञा म्हणून उचलतें. म्हणून कांहीं आज्ञा तोंडी द्याव्या आणि हात छातीशीं ठेवूनच हालवावे असें ठरवावें लागलें.

‘नैसर्गिक’ या शब्दाची येथेंच तपासणी केली पाहिजे. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन विद्वानांनीं १९१० च्या नव्हे, तर अगदीं या पेटीच्याच २०१० सालीं एक निबंध लिहून या पद्धतींत नैसर्गिक असें फारसें कांहीं नाहीं असें प्रतिपादन केलें. त्यांतील एक दाखला आपल्याकडचाच आहे. हिंदी माणूस मान हालवितो ती होकारार्थी कीं नकारार्थी, हें पाश्चात्य प्रवाशाला उमजत नाहीं, असें ते म्हणतात. दाखला खरा आहे. आणि असे आणखी कितीतरी देतां येतील. मुलाला जवळ बोलावतांना आपण तळवा खालीं करून बोटें हालवितों. आपल्याकडील म्हातारीं माणसें बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवून मोजतात, एक एक बोट उभें करीत नाहींत. आणि त्या पहिल्या पेटीला पेरें तर सोडाच, बोटें देखील निराळीं दिसत नव्हतीं. जी खूण शिकावी लागते ती भाषा होय. भाषेंत लाज वाटण्याजोगें कांहींच नाहीं, पण तिला निसर्ग म्हणूं नये.

येथवर हात वैद्याचा होता. आतां रोग्याच्या हाताकडे वळावें, कारण या पद्धतीचा खरा उपयोग आणि खरा धोका दोन्ही तेथें आहेत. पक्षाघातानें लुळा पडलेला हात पुन्हा कामाला लावावयाचा तर महिनेन् महिने तोच तोच व्यायाम शेंकडों वेळां करावा लागतो. तो करवून घेणारे उपचारक शहरांत असतात, रोगी खेड्यांत. एस. टी.च्या गाडींत बसवून अशा माणसाला आठवड्यांतून तीनदां तालुक्याच्या गांवीं न्यावयाचें म्हणजे त्याच्याबरोबर घरांतील आणखी एका माणसाची मजुरी बुडते. पुष्कळांचे व्यायाम याच ठिकाणीं बंद पडतात, आणि हात तसाच राहतो. त्यापेक्षां रोग्यानें घरींच पडद्यापुढें हात उचलावा, पडद्यावरील फळ तोडावें कीं चेंडू झेलावा, यंत्रानें सांध्यांचे कोन मोजावे आणि ते आंकडे दूरच्या उपचारकानें पाहावे, ही योजना कोणाला आवडणार नाहीं? किनेक्ट निघाल्यापासून थोड्याच वर्षांत जगभर अशा योजना निघाल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २०१५ सालीं एका योजनेस मंजुरी दिली. गुडघ्याचा सांधा बदललेल्या सुमारें ३०० रोग्यांवर तिची रीतसर परीक्षा झाली. २०२० सालीं छापलेल्या वृत्तांतांत, घरीं यंत्रापुढें व्यायाम केलेल्यांचे गुडघे नेहमींच्या उपचारांच्या तुलनेनें मागें पडले नाहींत व खर्च कमी आला, असें नमूद आहे.

गुडघा हा दरवाजाच्या बिजागरीसारखा सांधा. किती वांकला आणि किती सरळ झाला, एवढें मोजलें कीं पुष्कळसें मोजलें. पक्षाघाताची गोष्ट निराळी आहे. लुळा हात पुढें जात नाहीं तेव्हां रोगी नकळत सारें धडच पुढें झुकवितो. हात फळापर्यंत पोंचतो, खेळांत गुण मिळतो, आणि ज्या खांद्यानें काम करावयाचें तो तसाच निजून राहतो. खोलींत उपचारक असता तर त्यानें आपला एक हात रोग्याच्या छातीवर आणि दुसरा खांद्यावर ठेवला असता, एवढेंच. लबाडी जागच्या जागीं थांबली असती. यंत्राला ही लबाडी ओळखावयाला मुद्दाम शिकवावें लागतें. आणि त्या खेळण्याला मूळ शिक्षण कोणतें मिळालें होतें? केंब्रिज येथील जेमी शॉटन व त्यांचे सहकारी यांनीं २०११ सालीं तें सांगितलें आहे. मनुष्यदेहाच्या हालचालींच्या सुमारें ५ लाख चौकटी त्यांनीं गोळा केल्या. त्यांत गाडी चालविणें होतें, नाचणें होतें, लाथ मारणें होतें, धांवणें होतें. खेळासाठीं तें योग्यच होतें, आणि त्यांनीं कांहीं लपविलें नाहीं. परंतु नाचणाऱ्या व धांवणाऱ्या देहांवरून मनुष्याची आकृति शिकलेल्या यंत्रापुढें, कोपर पोटाशीं आंवळलेला आणि मूठ मिटलेला माणूस आणून उभा केला, तर कोपर कोठें आणि मनगट कोठें याविषयीं तें घोटाळ्यांत पडावें यांत नवल नाहीं. ज्याला गरज सर्वांत जास्त, त्याचाच देह यंत्राला सर्वांत कमी ओळखीचा.

दुसरी अडचण याहून खोल आहे. पक्षाघातानंतर स्नायूंना जो ताठरपणा येतो तो पाहून दिसत नाहीं. ब्रायन अ‍ॅशवर्थ यांनीं १९६४ सालीं तो मोजण्याची एक श्रेणी घालून दिली. १९८७ सालीं तींत सुधारणा झाली, आणि जगभर ती चालते. तिला ना पेटी लागते ना तार. परीक्षकानें रोग्याचा अवयव स्वतःच्या हातांत धरावा, रोग्यानें तो सैल सोडावा, परीक्षकानें तो वांकवावा-सरळ करावा आणि किती अडतें तें ० पासून ४ पर्यंतच्या आंकड्यांत सांगावें. सारें ज्ञान परीक्षकाच्या तळहातांत येतें. कॅमेरा कितीहि सूक्ष्म झाला तरी त्याला रोग्याची हालचाल दिसते. रोग्याचा प्रतिकार दिसत नाहीं. आइंटहोव्हेन यांच्या युक्तीची मर्यादा येथें लागते. हृदयानें आपली वीज स्वतः होऊन तारेला दिली होती, म्हणून ती रेघेंत उतरली. ताठर स्नायु आपलें म्हणणें कोणी हात लावल्यावांचून सांगतच नाहीं. गर्न्सबॅकला जें दुसरें अंग हवें होतें तें हेंच.

या सर्व खटपटीच्या खालचें जोतेंहि परक्याचें होतें. वैद्यकानें बिऱ्हाड थाटलें तें खेळण्याच्या वाड्यांत. खेळाची हौस ओसरली, आणि २०१७ च्या ऑक्टोबरांत किनेक्टचें उत्पादन बंद झाल्याचें कंपनीनें जाहीर केलें. ज्यांनीं आपलीं उपचारसाधनें या पेटीवर उभारलीं होतीं त्यांना दुसरें घर पाहावें लागलें. उद्योगधंद्यांसाठीं व संशोधकांसाठीं म्हणून त्याच कंपनीनें २०१९ सालीं नवी पेटी काढली. २०२३ सालीं तिचेंहि उत्पादन थांबविण्यांत येत असल्याचें प्रसिद्ध झालें. व्यापाऱ्यानें न खपणारी वस्तु बंद करावी यांत त्याचा दोष काढतां येत नाहीं. परंतु रोग्याच्या व्यायामाला महिने लागतात आणि बाजाराची लहर महिन्यांत बदलते, हें गणित रुग्णालयांनीं आधींच मांडावयास हवें होतें. सुदैवानें आतां निराळी पेटी लागत नाहीं. साध्या मोबाइलच्या एका डोळ्यानें माणसाची आकृति ओळखण्याच्या रीति निघाल्या आहेत. २०२० सालीं गूगलच्या संशोधकांनीं प्रसिद्ध केलेली रीति देहावर ३३ खुणा धरते, आणि ती कोणालाहि विनामूल्य वापरतां येते.

हिंदुस्थानांत दूरवैद्यकाला रीतसर नियम मिळाले ते २०२० च्या मार्चच्या २५ तारखेस, ज्या दिवशीं करोनाच्या साथीमुळें सारा देश घरांत बंद झाला त्याच दिवशीं. नियमांत डॉक्टरांना दूरध्वनीनें, चित्रध्वनीनें व लेखी संदेशानें सल्ला देण्याची मोकळीक आहे. मात्र अंगाला हात लावून तपासणें निदानासाठीं अत्यावश्यक असेल तर तशी तपासणी होईपर्यंत डॉक्टरांनीं पुढें जाऊं नये, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. आणि दूर बसून यंत्राकरवीं शस्त्रक्रिया करणें हा विषय तर त्या नियमांच्या कक्षेबाहेरच ठेवला आहे. त्या टाळेबंदींत उपचारकांना रोग्यापर्यंत जातां येईना आणि रोग्याला त्यांच्यापर्यंत. मोबाइल भिंतीला टेकवून व्यायाम चालूं राहिले. आणि ताठरपणा पाहावयाची वेळ आली म्हणजे बोस्टनच्या विमानतळावरचीच रीत पुन्हा अवलंबावी लागे : पडद्यापलीकडून उपचारक घरांतल्या सुनेला सांगत, ‘ताई, मामंजींचा हात सैल सोडायला सांगा, कोपर धरा आणि झटकन् सरळ करून पाहा. कसें लागतें?’ ती पाहून सांगे, ‘आधीं अडतें, मग एकदम सुटतें.’ उपचारक तेवढें लिहून घेत आणि दुसरा हात धरावयास सांगत.